वरच्या चार ओळी

केशोरी,
११ नोव्हेंबर २०२४

नीतूताईंना नमस्कार.

पाकिटावर केशोरी वाचून तुम्ही हे पत्र फाडायला घेतलं असेल. दोन मिनिटं थांबा. मी डिंपल. भुपेंद्र पटलेंची बायको, म्हणजे तुमच्यानंतरची. आमच्या लग्नाला आता सात महिने होतील. तुमचा फोटोही मी पाहिलेला नाही, घरात तुमचं नाव निघत नाही. कोहमाऱ्याच्या चौकातल्या मेडिकलमध्ये तुम्ही काम करता, एवढं नणंदबाईंच्या तोंडून कळलं. फोन केला असता, पण माझा मोबाइल घरभर फिरतो. सासूबाई त्यावर भजनं ऐकतात, नणंदबाई मेसेज वाचतात. कागद निदान माझ्या उशीखाली राहतो.

विचारायचं आहे ते लाजेचं आहे. सरळच लिहिते, कारण फिरवून लिहिलं तर आणखी घाण दिसेल. नवरा-बायकोत जे मागच्या बाजूने करतात, त्याबद्दल. माझी एक मैत्रीण रायपूरला दिली आहे, तिचं नि तिच्या नवऱ्याचं ते चालतं, तिला आवडतं, ती हसत सांगते. मी सत्तावीस वर्षांची आहे, मला उत्सुकता वाटली तर त्यात पाप काय? पण कसं करतात, दुखतं का, काही इजा होते का, हे कुणाला विचारू? आईला? गावातल्या आशा सेविकेला?

तुम्ही औषधाच्या दुकानात आहात, तुम्हाला माहिती असेल. आणि दुसरंही एक आहे. तुम्ही याच घरात, याच माणसाबरोबर तीन वर्षं काढलीत. तुमचं काय झालं होतं ताई? घरात सांगतात की तुम्हाला मूळव्याध होती आणि ती लपवून तुमचं लग्न लावलं, म्हणून फारकत झाली. मला ते पटत नाही. मूळव्याधीसाठी कुणी बायको सोडतं का?

राग मानू नका. उत्तर माझ्या माहेरच्या पत्त्यावर पाठवा, खाली दिला आहे. आई फोडत नाही, दर आठवड्याला भाऊ इकडे आणून देतो.

तुमची,
डिंपल


कोहमारा,
१९ नोव्हेंबर २०२४

डिंपल,

तुझी कोण? माझी तू कोणी नाहीस. माझ्या खाटेवर झोपतेस एवढंच आपलं नातं.

पत्र फाडलं नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तीनदा वाचलं. काय हिंमत आहे तुझी! माझ्या जखमेत बोट घालून विचारतेस, ताई, दुखतं का?

आता ऐक. तुझी उत्सुकता, तुझी रायपूरची मैत्रीण, हे सगळं मला समजतं. पत्र तुझ्या अक्षरात आहे, पण सांगणारा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसला आहे. मलाही त्याने असंच सांगितलं होतं, सगळे करतात, तूच गावंढळ आहेस. त्याच्या मोबाइलमध्ये दाखवलं होतं. मी दोनदा नको म्हटलं. दुसऱ्यांदा तर हात जोडून म्हटलं. मग गोंदियाच्या दवाखान्यात सहा दिवस पालथी पडून होते, बसता येत नव्हतं, संडासला जायचं नाव काढलं की रडू यायचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोलिसात द्यायचं का? मी मान हलवली, नाही म्हणून. तिथे मी चुकले.

घरी आल्यावर त्याला एवढंच म्हणाले, एकदा तोंडाने कबूल कर की चूक तुझी होती. तो खाली बघत राहिला. सहा महिने खाली बघत राहिला. नंतर बैठक बसली, तुझे सासरे, माझे बाबा, समाजाचे पाच जण, आणि तिथे त्याला वाचा फुटली. हिले मूळव्याध होती, तिच्या मायबापानं लपवली. माझे बाबा उठून हात जोडून बाहेर आले. त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. बापाला काय सांगणार, तूच सांग.

तेव्हापासून तीन स्थळं आली नि तीन परत गेली. चौकशीला सगळे केशोरीलाच जातात ना! आता आमगावचे उमेंद्र मास्तर आहेत. बायको वारली, आठ वर्षांची मुलगी आहे. माणूस भला आहे, त्यांना मी पसंत आहे. पण त्यांची मोठी बहीण केशोरीला जाऊन आली आणि म्हणाली, रोगी बाई घरात नको, लपवणारी तर नकोच. मास्तर म्हणतात, तुमच्याकडे काही लिहिलेलं असेल तर दाखवा, मी ताईला समजावतो. काय दाखवू? डिस्चार्जच्या कागदावर फक्त जखम लिहिली आहे, ती कुणी केली ते लिहिलेलं नाही.

मला त्याच्या हातची एक ओळ हवी आहे. बाकी तुझा संसार, तुझा पलंग, तुझं नशीब. ती ओळ आण, मग तुला हवं ते शिकवते.

नीतू


केशोरी,
२८ नोव्हेंबर २०२४

नीतूताई,

तुमचं पत्र न्हाणीघरात बसून वाचलं. रडलेसुद्धा. पण एक गोष्ट तुमची चुकली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे मला सांगत नाहीत. मीच यांना म्हटलं होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी बियाण्यांचं दुकान बंद करून जेवायला आले, घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी थट्टेत विषय काढला. यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "ते नको. दुसरं काहीही माग." मी म्हटलं, काऊन जी? तर ताट सारून उठले. मला वाटलं, माझ्याबद्दल वाईट वाटलं असेल, बायको चावट निघाली म्हणून. मी आत जाऊन पडले. थोड्या वेळाने दोन कप चहा करून आणला, माझ्या कपात आलं जास्त टाकून, कारण मला तसा आवडतो. माझ्याजवळ बसून म्हणाले, "तुह्यावर राग नाही. मले भेव वाटते."

कशाचं भेव ते सांगितलं नाही. आता तुमच्या पत्रावरून कळलं.

ताई, तुमच्या बाबतीत जे झालं ते मी खोटं म्हणत नाही. पण मी ज्या माणसाबरोबर राहते तो तसा नाही. मी थांबा म्हटलं की थांबतात. अंग दुखत असलं तर विचारतात. तुम्ही म्हणता ती ओळ मी कशी मागू? माझं नवं लग्न आहे. पण मी संधी बघेन, वचन देते. तोवर निदान सांगा, मला हे करायचं असेल तर सुरुवात कशी करावी? यांचं भेव मलाच घालवावं लागेल.

डिंपल


कोहमारा,
५ डिसेंबर २०२४

प्रिय डिंपल,

मागच्या पत्रात फार बोलले. मनावर घेऊ नकोस. तू लहान बहिणीसारखी आहेस, आणि तुझ्याबरोबर तो नीट वागतो हे वाचून बरं वाटलं. आलं घालून चहा करतो म्हणजे कमालच झाली. तीन वर्षांत मला त्याने पाण्याचा पेला दिल्याचं आठवत नाही. असो.

तू विचारलंस म्हणून सांगते. फार विचार करायचा नसतो यात. सोबत एक ट्यूब पाठवत आहे, आमच्या दुकानातलीच आहे, बधिर करणारी जेली. डॉक्टर लोक तपासणीआधी हीच लावतात, म्हणजे चांगलीच असणार ना! भरपूर लावायची, दहा मिनिटं थांबायचं. मग काही कळत नाही. हळूहळू, बोटाने, थोडं थोडं, असलं काही करत बसायची गरज नाही. दुखलंच नाही तर घाबरायचं कशाला? माझ्या वेळी ही ट्यूब नव्हती, म्हणून माझं तसं झालं.

त्याला आधी सांगू नकोस. घाबरट आहे. ऐन वेळी काढ.

कसं झालं ते नक्की लिही. मी वाट बघते. आणि त्या ओळीचं विसरू नकोस, मास्तरांनी संक्रांतीपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे.

तुझी ताई,
नीतू


केशोरी,
९ जानेवारी २०२५

नीतूताई,

महिनाभर लिहिलं नाही. आता लिहिते.

तुमची ट्यूब मी साड्यांच्या घडीत ठेवली होती. सासू-सासरे आणि नणंदबाई नागझिऱ्याजवळच्या लग्नाला गेले, तेव्हा दुपारी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, ऐन वेळी काढली. यांनी ती हातात घेतली. नाव वाचलं. आणि ताई, एवढा मोठा माणूस खाली जमिनीवर बसला. "हे तुले कोणं देल्लं?" मी म्हटलं, मैत्रिणीने. म्हणाले, "मैत्रीण नोहोय ते. वैरीण होय."

मग उठून दुकानाच्या कागदांची लोखंडी पेटी उघडली. तळाशी, बियाण्यांच्या जुन्या पावत्यांखाली, घडी घातलेला एक कागद होता. माझ्यापुढे ठेवला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

कागद यांच्या अक्षरात आहे. तारीख ३ ऑगस्ट २०२१. तुम्ही वॉर्डात होतात, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी यांना केबिनमध्ये बसवून लिहायला लावला. आधी काय केलंस ते लिही, म्हणाल्या, मग काय करायला हवं होतं ते लिही, आणि जन्मभर जवळ ठेव.

वर चार ओळी आहेत. तशाच उतरवते.

"पत्नी नीतू हिला लग्नाआधी कोणताही आजार नव्हता.
तिने दोनदा नको म्हटले, तरी मी ऐकले नाही.
बधिर करणारी जेली लावून मी घाई केली.
तिची जखम माझ्यामुळे झाली."

खाली सही.

तिसरी ओळ मी किती वेळा वाचली असेल! माझ्या वेळी ही ट्यूब नव्हती, असं तुम्ही लिहिलं होतं. हीच होती. हिच्यामुळेच तुम्हाला कळलं नाही की आत फाटतं आहे, आणि तुम्ही तीच मला पोस्टाने पाठवली, वर "तुझी ताई" लिहून. कसं झालं ते नक्की लिही, म्हणालात. वाट बघते, म्हणालात. आता कळतं कशाची.

त्या ओळींच्या खाली कागदभर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं आहे. पहिलंच वाक्य असं की दोघांपैकी एकाचीही इच्छा नसेल तर विषय तिथेच संपतो, आणि मध्येच इच्छा गेली तरी तिथेच संपतो. दुखणं हा शरीराचा निरोप असतो, तो बंद करायचा नाही, म्हणून बधिर करणारं काही कधीच लावायचं नाही. तिथे आपोआप ओलावा येत नाही, म्हणून निसरडेपणाची साधी जेली भरपूर घ्यायची, कमी वाटली की पुन्हा. निरोध वापरायचा, आणि निरोध असेल तर तेल नको, तेलाने तो फाटतो. नखं कापलेली, हात धुतलेले. आधी बाहेरूनच, मग एक बोट, श्वास सोडताना, आणि अंग आपणहून सैल होईपर्यंत पुढे जायचं नाही. त्याला एक दिवस लागो की महिना. सूत्रं तिच्या हातात. मागून पुढे यायचं तर निरोध बदलल्याशिवाय, धुतल्याशिवाय नाही. जिचं टोक हातात राहत नाही अशी कोणतीही वस्तू आत न्यायची नाही. रक्त आलं, दुखणं राहिलं, तर लाज सोडून दवाखाना.

हे एवढं सोपं होतं ताई. एका कागदावर मावलं.

मी ओट्यावर जाऊन यांना विचारलं, मग बैठकीत मूळव्याध कायले सांगितली? म्हणाले, "माहे बाबूजी बसले होते. त्यायच्यासमोर हे का सांगतो मी? मूळव्याध सांगाले सोपी होती." मी म्हटलं, आणि तिच्या बापाचं काय? हे खाली बघत राहिले, तुम्ही लिहिलं होतं तसेच.

तुमची ट्यूब आम्ही संडासात रिकामी केली. मग आम्ही त्या कागदाप्रमाणे चाललो. तीन आठवडे लागले. पहिले कितीतरी दिवस नुसतं बोलणं आणि हसणं. दोनदा मी थांबा म्हटलं, दोनदा थांबले, एकदा तर मी म्हणायच्या आधीच. शेवटी झालं, आणि दुखलं नाही, आणि मला आवडलं. तुम्हाला हे सांगते कारण तुम्ही विचारलं होतं, कसं झालं ते नक्की लिही.

डिंपल


कोहमारा,
१३ जानेवारी २०२५

डिंपल,

खरं आहे. मला ठाऊक होतं. ट्यूब पाकिटात घालताना ठाऊक होतं, पाकिटाला डिंक लावताना ठाऊक होतं. पोस्टाच्या खिडकीवर मुन्नालाल पोस्टमनने विचारलं, "औषध धाडून राहिली का, ताई?" मी हो म्हटलं.

का, ते सांगते. तुझ्या चहाने केलं ते. मारलं असतं त्याने तुला, तर मी धावत आले असते, अंगावरची साडी काढून दिली असती. पण तू लिहिलंस, थांबा म्हटलं की थांबतात. माझ्या अंगावर शिकला आणि तुझ्याजवळ शहाणा झाला. शिकवणीची सगळी किंमत माझी आणि आलं घातलेला चहा तुझा. मला ते सोसलं नाही. मला वाटलं, तूही पालथी पडलीस की मग माझं खरं ठरेल.

एवढं वाईट मी माझ्याबद्दल कुणाजवळ बोलले नाही. तुझ्याजवळ बोलते, कारण तुझ्यापुढे आता माझं काय जायचं राहिलं आहे?

पाय धरते असं समज. त्या वरच्या चार ओळी मला पाठव. मूळ कागद द्यायचा नसेल तर खालचा भाग झाकून फोटो काढ, झेरॉक्स काढ, काहीही. गुरुवारी मास्तरांची बहीण माझ्या घरी येणार आहे, शेवटचं बोलायला. बाबा दोन दिवसांपासून अंगण सारवून घेत आहेत. त्यांना वाटतं, पाहुणे स्वच्छता बघून हो म्हणतील. बाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी तीन वर्षांत कुणाच्या लग्नात जेवण केलं नाही, नुसता अहेर देऊन परत येतात, कुणी मूळव्याधीची गोष्ट काढेल म्हणून. त्यांना एकदा त्या चार ओळी वाचायला मिळाव्यात. मास्तर राहिले काय नि गेले काय.

तो कागद साडेतीन वर्षं पेटीत होता, डिंपल. मी एक शब्द मागत होते आणि सहीसकट चार ओळी माझ्यापासून दहा पावलांवर पडलेल्या होत्या. माझा राग तुझ्यावर काढला, चुकले. तू तुझा राग माझ्या बापावर काढू नकोस.

हे पत्र एसटीच्या कंडक्टरच्या हाती तुझ्या माहेरी धाडते आहे, उत्तराला भावाच्या पुढच्या फेरीची वाट बघू नकोस. पोस्टाने नको, बुधवारच्या एसटीच्या कंडक्टरजवळ दे, मी स्टँडवर उभी राहीन.

नीतू


केशोरी,
१५ जानेवारी २०२५

नीतूताई,

भाऊ काल संक्रांतीचा तिळगूळ घेऊन आला, त्याच्याबरोबर तुमचं पत्र लगेच मिळालं. तुम्ही म्हणालात तसं कंडक्टरजवळ देत आहे.

पाकिटात कागद आहे. उघडून लगेच आनंद मानू नका. मी कात्रीने कापला आहे. खालचा भाग तुमचा. निसरडी जेली कोणती, नखं कशी, थांबायचं कधी, सगळं त्यांच्याच अक्षरात आहे. दुकानात ठेवा. माझ्यासारखी एखादी विचारायला आली तर तिला हे वाचून दाखवा, ट्यूब देऊ नका.

वरच्या चार ओळी माझ्याजवळ राहतील. माहेराहून आणलेल्या माझ्या पेटीत, कुलपात. यांना सांगितलं आहे.

झेरॉक्ससुद्धा देणार नाही. तुमच्या वडिलांचं वाचून मला वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. पण त्या ओळी एकदा आमगावला गेल्या की महिन्याभरात केशोरीला येतील. मग सासरे, बैठक, पाच जण. यांचं दुकान आहे, बायाबापड्या बियाणं घ्यायला येतात. आणि हे पुन्हा कुणापुढे खाली बघत बसले, की मग घरी येऊन कुणावर डोळे वटारतील? तुमच्यावर नाही. आता मी आहे.

तुम्ही लिहिलं, माझ्या अंगावर शिकला. बरोबर आहे. पण शिकलेलं माणूस विसरतोही. मला थांबा म्हटल्यावर थांबणारा नवरा मिळाला, तो चांगला आहे म्हणून की त्या कागदाला घाबरतो म्हणून, हे मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही. म्हणून तो कागद मी माझ्याजवळ ठेवते. तुम्हाला त्या ओळी झालं गेलं धुवायला हव्यात. मला पुढचं राखायला हव्यात.

तुम्ही माझ्यावर डाव टाकलात म्हणून हे करते आहे, असंही थोडं आहे. तुमच्यासारखं मीही खरं लिहिते.

ज्या दिवशी हे माझं नको ऐकणार नाहीत, त्या दिवशी चारही ओळी तुमच्या दारात पोचवीन, स्वतः आणून देईन, तुमच्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवीन. शब्द देते. आजपासून तुम्ही त्या दिवसाची वाट बघाल हे मला ठाऊक आहे, आणि तो येऊ नये म्हणून मी तुमच्या नावाच्या त्या चार ओळी कुलपात घालून झोपते.

बाबांना अंगण सारवू द्या. तिळगूळ सोबत ठेवला आहे.

डिंपल